आमची मुले कोणत्या पायलीने मोजता?

जून उजाडला की आमच्या खानापूर तालुक्यात दोन गोष्टींना एकदमच सुरुवात होते. एक पाऊस आणि दुसरी मराठी शाळेतून दाखले काढण्याची धांदल. यंदा शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. छत्री पडवीत निथळत ठेवून बसला. चहा होईपर्यंत भाताच्या तरव्याचे, पोराबाळांचे बोलला आणि मग हळूच म्हणाला, "सर, पोरगीचा दाखला काढायलोय. तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो."

मुलगी दुसरीतून तिसरीत गेलेली. मी विचारले, "का रे? शाळेत काही कमी आहे का?"

"शाळा चांगली आहे खरं, भाषा लई होतात सर. घरात एक, शाळेत एक, बाजारात कन्नड. पोरांचं डोसकं गोंधळतंय म्हणे. नव्या शाळेत त्यांनी सांगितलं. संशोधन झालंय म्हणे त्याच्यावर."

तीन भाषांनी गोंधळलेले डोके चौथ्या, इंग्रजी भाषेने निवळणार कसे, हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. पण मी तो गिळला. त्याच्या तोंडच्या 'संशोधन' या शब्दाने माझी वाचा बसवली होती. कारण वाचकहो, असले संशोधन मी स्वतः केले आहे. त्यावर पदवी घेतली आहे, आणि त्या पदवीवर वेतनवाढही घेतली आहे.

१९८७ साली मी एम.एड.साठी लघुप्रबंध लिहिला. विषय होता सीमाभागातील द्विभाषिक विद्यार्थ्यांची मराठी आकलनक्षमता. महाराष्ट्रातल्या एका शहरात तयार झालेली आकलन चाचणी घेतली, ती तिकडच्या सहावीच्या मुलांना दिली आणि आमच्याकडच्या मुलांनाही दिली. प्राप्तांक मांडले, मध्यमान काढले, प्रमाण विचलन काढले, टी-मूल्य काढले. फरक सार्थक निघाला. मार्गदर्शक खूश झाले. निष्कर्षात मी लिहिले की द्विभाषिक विद्यार्थ्यांची मराठी आकलनक्षमता तुलनेने निम्न आहे, आणि शिफारशीत लिहिले की पालकांनी घरी प्रमाण मराठी बोलावे.

त्या चाचणीत एक गाळलेली जागा भरायची होती. 'मला खूप भूक लागली होती, ... घरात खायला काहीच नव्हते.' अपेक्षित उत्तर 'पण' किंवा 'परंतु'. एका मुलीने तिथे लिहिले होते, 'खरं'. मी लाल पेनाने काट मारली. गुण शून्य.

बेळगावकडच्या वाचकांना पुढचे सांगायला नको. आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. माझी आई म्हणायची, मीही घरात म्हणतो, आणि वर दिलेले त्या माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य पुन्हा वाचाल तर त्यानेही तेच म्हटले आहे. त्या मुलीला वाक्यातला विरोध नेमका कळला होता. भूक आहे आणि अन्न नाही, या दोहोंमध्ये कोणता सांधा बसतो ते तिने ओळखले होते. आकलन म्हणजे याहून वेगळे काय असते? शिवाय बाजारात तोच सांधा 'आदरे' या कन्नड शब्दाने जोडता येतो, हेही तिला नक्की माहीत असणार. एका 'पण'साठी तिच्यापाशी तीन शब्द होते. चाचणी करणाऱ्याजवळ एकच होता, आणि माझ्या लघुप्रबंधात निम्न ठरली ती!

मी हे जाणूनबुजून केले नाही. मला शिकवलेच असे होते. उत्तरसूची बाहेरून आलेली, ती बदलायची नाही. संशोधकाने आपले घर, आपली बोली, आपली माया दाराबाहेर ठेवायची. याला वस्तुनिष्ठता म्हणायचे. लघुप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत तत्त्वज्ञान हा शब्द एकदाही आलेला नाही. पण तत्त्वज्ञान त्यात पानोपानी होते, आणि ते कोणाचे आहे हे मला ठाऊक नव्हते. माझे भांडण आहे ते या न सांगितलेल्या तत्त्वज्ञानाशी.

ऑग्युस्त कॉंत या फ्रेंच विचारवंताने १८३० नंतरच्या बारा वर्षांत आपला मोठा ग्रंथ सहा खंडांत प्रसिद्ध केला आणि प्रत्यक्षार्थवादाची मांडणी केली. ढोबळपणे सांगायचे तर दृष्टीला पडते, तपासता येते तेच ज्ञान. आणि ज्या रीतीने आपण ग्रह-तारे अभ्यासतो त्याच रीतीने माणसांचा समाजही अभ्यासता येईल. विचार धाडसी होता. पोथीनिष्ठेच्या तुलनेत तो मुक्तिदायकही होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण शिक्षणशास्त्राने त्यातून एक सोयीचा धडा घेतला. मुलाच्या डोक्यात बुद्धी नावाचा काहीतरी ऐवज असतो, तो कमी-जास्त असतो, आणि नीट माप मिळाले तर तो पोत्यातल्या भातासारखा मोजता येतो. माप कोणी केले, कुठल्या गावच्या सुताराने पायली घडवली, हा प्रश्न मग उरतच नाही.

आता 'दोन भाषांनी डोके गोंधळते' हे संशोधन आले कुठून ते पाहू. त्याचा एक मूळ पत्ता वेल्सचा आहे. इंग्लंडच्या कुशीतला तो प्रदेश, स्वतःची वेल्श भाषा असलेला, म्हणजे एक प्रकारे सीमाभागच म्हणा. तिथे डी. जे. सेअर या संशोधकाने ७ ते १४ वयोगटातल्या सुमारे १४०० मुलांना बुद्धिमापन चाचण्या दिल्या आणि १९२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतली वेल्श-इंग्रजी द्विभाषिक मुले केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या मागे होती. द्विभाषिकतेने मनात गोंधळ होतो, असा अर्थ त्यातून काढला गेला, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. ते फिरत फिरत आमच्या पडवीपर्यंत आले.

गंमत अशी की त्याच संशोधनात शहरातल्या द्विभाषिक मुलांत आणि एकभाषिक मुलांत फरक आढळला नव्हता. दोन भाषांनीच मेंदू गोंधळत असेल तर तो शहरात का गोंधळत नाही? शहरातल्या मेंदूला काय वेगळे कवच असते? खेड्यातल्या त्या मुलांचे आईबाप काय करत होते, घरात पुस्तक होते की नव्हते, शाळा किती मैलांवर होती, याची बरोबरी नीट केलेलीच नव्हती. म्हणजे मोजली गेली ती बहुतांशी गरिबी, आणि नाव दिले गेले भाषेचे. माझ्या लघुप्रबंधातही शहरातली मुले तिकडची आणि खेड्यातली मुले इकडची होती. सेअरचे नावही न ऐकता मी त्याची चूक हुबेहूब केली. माझ्या मते तत्त्वज्ञान न सांगता शिकवले की असेच होते. चूक वारशाने येते आणि वारसाला पूर्वजाचे नावही ठाऊक नसते.

याहून भयंकर प्रकार अमेरिकेत झाला. हेन्री गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांना बिने चाचणी द्यायला आपल्या सहायक पाठवल्या. लांबचा समुद्रप्रवास करून, भेदरून उभी असलेली ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन माणसे, मध्ये दुभाषा. १९१७ साली छापलेला निष्कर्ष असा की यांतले जवळपास पाचांत चार मंदबुद्धी आहेत. वास्तविक अशा आकड्याने आधी पायलीवर संशय यायला हवा होता. आला तो माणसांवर.

ज्याच्या नावाने ही चाचणी चालली तो आल्फ्रेड बिने मात्र असा नव्हता. १९०५ साली त्याने पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती कोणत्या मुलांना शाळेत जास्तीची मदत हवी ते ओळखण्यासाठी. बुद्धी ही जन्मजात, अचल रक्कम आहे असे म्हणणाऱ्यांवर त्याने १९०९ च्या पुस्तकात कडाडून टीका केली. १९११ साली तो गेला, आणि त्याच्या हत्याराला अमेरिकेत दुसरेच तत्त्वज्ञान चिकटवले गेले. हत्यार तेच राहिले, पण मदतीसाठी बोट दाखवणारे आता कपाळावर डाग द्यायला वापरले जाऊ लागले.

आपल्या भागाचा यात एक मानाचा धागा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. बिनेच्या श्रेणीची भारतीय मुलांसाठी सुधारित आवृत्ती सिद्ध केली ती डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी, आमच्याच मुंबई-कर्नाटक प्रांतात. १९३४ साली इंग्लंडच्या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच कन्नड आणि मराठी भाषक मुलांचा उल्लेख आहे. १९४० साली त्यांचा ग्रंथ निघाला. परकी मोजपट्टी जशीच्या तशी न लावता ती इथल्या भाषांत बसवली पाहिजे, हे त्यांनी त्या काळी ओळखले. बिने-कामत चाचणी आजही कितीतरी ठिकाणी वापरात आहे. कामतांच्या श्रमांना माझा नमस्कार. पण त्यांच्यानंतरच्या आम्ही काय केले? कन्नड एक माप आणि मराठी दुसरे माप, एवढ्यावरच थांबलो. जे मूल एकाच वेळी दोन्हींत जगते, वाक्य मराठीत सुरू करून हिशेब कन्नडमध्ये संपवते, त्याच्यासाठी तिसरे काही लागेल हा विचार आमच्या प्रशिक्षण महाविद्यालयांना शिवला नाही.

प्रत्यक्षार्थवादाला उत्तर एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. विल्हेल्म डिल्टाय या जर्मन तत्त्ववेत्त्याने म्हटले की निसर्गाचे स्पष्टीकरण द्यावे लागते, माणसाचे मन मात्र समजून घ्यावे लागते. दगड खाली का पडतो ते बाहेरून सांगता येते. मूल गप्प का बसले ते त्याच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. या वाटेला अन्वयार्थवाद म्हणतात. नाव जड आहे, पण ज्याने पहिलीचा वर्ग एक वर्ष सांभाळला आहे त्याला हा वाद जन्मतः येतो.

याचा सर्वांत सुंदर दाखला विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दिला. न्यूयॉर्कमधली काळी मुले बोलतच नाहीत, त्यांच्याजवळ भाषाच नाही, असे त्या वेळचे संशोधन सांगत होते. पुरावा म्हणून मुलाखतींच्या नोंदी होत्या. मोठा माणूस टेबलावर एक वस्तू ठेवतो, हिच्याबद्दल सांग म्हणतो, आणि मूल एकेक शब्द बोलून गप्प होते. लबोव्हचा सहकारी त्याच वस्तीत वाढलेला होता. त्याच्यापुढेही लिऑन नावाचा आठ वर्षांचा मुलगा आधी असाच घुम्यासारखा बसला. पुढच्या वेळी त्या गृहस्थाने बटाट्याचे काप आणले, लिऑनच्या जिवलग मित्राला सोबत घेतले, खुर्ची सोडून तो जमिनीवर बसला आणि मुलांच्या शब्दांत बोलू लागला. मग काय! दोन्ही पोरे एकमेकांना तोडून बोलू लागली, वाद घालू लागली. मूल तेच होते आणि मेंदूही तोच होता. बदलला होता तो मोठ्या माणसाचा पवित्रा. तरीही आधीच्या नोंदी खोट्या नव्हत्या. मूल खरोखरच गप्प होते. गप्प बसणे हे त्याच्या बुद्धीचे माप नसून त्या खोलीतल्या भीतीचे माप आहे, एवढेच मोजणाऱ्याला कळले नव्हते.

मी आमच्या मुलांना चाचणी दिली तेव्हा वर्गाच्या दारात उभा राहून म्हटले होते, "इकडे तिकडे बघायचे नाही, वेळ चाळीस मिनिटे." काप नव्हते, जमीन नव्हती.

इथपर्यंत वाचून काही मंडळी टाळ्या वाजवतील. आकडेवारी म्हणजे थोतांड, प्रत्येकाचे सत्य वेगळे, कथने गोळा करा, असे म्हणणारा एक पंथ आता आपल्या परिसंवादांतूनही दिसू लागला आहे. तीन बायकांशी दुपारभर गप्पा मारायच्या, त्यांची चार वाक्ये जाड ठशात छापायची आणि याला संशोधन म्हणायचे. उलट प्रश्न विचारला की उत्तर तयार, हे आमचे प्रतिमान वेगळे आहे. थॉमस कुन्हने १९६२ साली विज्ञानाच्या इतिहासावर पुस्तक लिहून प्रतिमान हा शब्द रूढ केला, तो काही अशी पळवाट म्हणून नव्हे. अमेरिकेत तर १९८० नंतर दोन्ही बाजूंच्या शिक्षणसंशोधकांत असे जुंपले की त्याला 'प्रतिमानांचे युद्ध' हेच नाव पडले. त्या युद्धात आकडेवाल्यांना शेवटी सरकार मिळाले. २००१ च्या शालेय कायद्यात 'शास्त्रीय संशोधनावर आधारित' हा शब्दप्रयोग शंभरावर वेळा आला. कायद्याने तत्त्वज्ञान ठरवण्याचा हा प्रकार मला हास्यास्पद वाटतो. पण म्हणून मी दुसऱ्या टोकालाही जाणार नाही.

कारण आकड्यांवाचून आपले, सीमाभागातल्या माणसांचे, चालत नाही. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयीची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. पण सोय मिळते ती डोकी मोजून. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आलेला दंडक आहे, शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असतील तर त्यांच्या भाषेचा शिक्षक. भाषिक अल्पसंख्य १५ टक्के असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत. हे ४०, १० आणि १५ आकडे आपल्यासाठी जीवनमरणाचे आहेत. उद्या कोणी अधिकाऱ्यापुढे जाऊन 'आमचे कथन ऐका' म्हणाला तर तो चहा पाजून वाटेला लावील. पट कमी झाला की शाळा बंद, आणि पट हा आकडाच असतो. माझ्या विद्यार्थ्याने मुलीचा दाखला काढला तेव्हा त्या शाळेचा पट एकाने घटला. हे कुठल्या अन्वयार्थाने भरून निघणार?

तेव्हा मोजायचे हे ठरले. पण कोणी, काय आणि कशासाठी, हे आधी सांगायचे.

इथे मला आपल्याच माणसांना चार शब्द सुनवायचे आहेत. आपल्या व्यासपीठांवरून हल्ली हमखास ऐकू येते की द्विभाषिक मुले अधिक हुशार असतात हे शास्त्राने सिद्ध केले आहे. टाळ्या पडतात. हे शास्त्र म्हणजे बहुधा एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांचे माँट्रियलमधले १९६२ चे संशोधन. दहा वर्षांची फ्रेंच भाषक मुले, काही फक्त फ्रेंच येणारी आणि काही फ्रेंच-इंग्रजी दोन्ही सारख्याच सफाईने येणारी. दुसरी मुले बुद्धिमापनात पुढे निघाली. सेअरचा निष्कर्ष उलटला. या दोघांनी घराच्या आर्थिक स्थितीची बरोबरी काळजीपूर्वक केली होती, हे त्यांचे श्रेय. पण द्विभाषिक कोणाला म्हणायचे? ज्याला दोन्ही भाषा उत्तम येतात त्यालाच त्यांनी द्विभाषिक गटात घेतले, अडखळणारी मुले गाळली. आधी हुशार पोरे वेचायची आणि मग ती हुशार निघाली म्हणायचे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो खोटा नाही. शिवाय माँट्रियलमधली मध्यमवर्गीय मुले आणि आमच्या जांबोटीच्या जंगलपट्ट्यातली मुले यांच्यात साम्य ते काय? सेअर आपल्याविरुद्ध गेला म्हणून तो चूक आणि लॅम्बर्ट आपल्या बाजूने आला म्हणून तो शास्त्र, असे म्हणणारा माणूस वकील असेल, संशोधक नव्हे. आणि वकिली आपण सीमाप्रश्नावर पुष्कळ केली आहे, पोरांच्या डोक्यावर तरी नको.

आपल्याला जवळचे काम झाले ते ओडिशात. अजित मोहंती यांनी कोंध या आदिवासी समाजातल्या मुलांचा अभ्यास केला. या समाजाच्या काही भागांत कुई ही मूळ भाषा आणि ओडिया दोन्ही चालतात, तर काही भागांत कुई लोपून फक्त ओडिया उरली आहे. जमात तीच, दारिद्र्य सारखेच, रानही तसेच, फरक भाषेचा. कुई टिकवून ओडियाही बोलणारी मुले विचारशक्तीच्या आणि भाषेची जाण तपासणाऱ्या कसोट्यांवर सरस ठरली. हे सगळे १९९४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथात आहे. बेळगावहून म्हैसूर किती लांब? तरी आमच्या एकाही अभ्यासक्रमात ते पुस्तक मी पाहिले नाही. यातले मोल केवळ निष्कर्षात नाही. मोहंतींनी आकडेच वापरले, पण प्रश्न विचारण्याआधी त्या समाजात भाषा कशी जगते ते पाहिले, आणि मग तुलना कोणाची कोणाशी न्याय्य ठरेल ते ठरवले. आधी कान आणि मग काटा. माझी मागणी याहून फार मोठी नाही.

अजून एक प्रश्न राहतो आणि तो सर्वांत अप्रिय आहे. हे सगळे ज्ञान कोणाच्या कामी येते? युरोपात चिकित्सक पंथाने हा प्रश्न विसाव्या शतकात मांडला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी तो १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला होता, की महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि त्यावर शिकतात ती वरच्या वर्गाची मुले. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावरच्या कुठल्याही पुस्तकात ते निवेदन पहिल्या प्रकरणात छापायला हवे. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरेने १९६३ साली अँजिकोस गावी मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवले, ते बाहेरचे पाठ्यपुस्तक नेऊन नव्हे. त्याच्या मंडळींनी आधी त्या लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले आणि त्या शब्दांवर धडे बांधले. पुढच्याच वर्षी लष्करी राजवटीने त्याला तुरुंगात टाकले. कॅलिफोर्नियात १९७० साली स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांसाठी न्यायालयात जावे लागले; इंग्रजी चाचणीवरून ती मतिमंदांच्या वर्गात बसवली होती, आणि त्यांच्या भाषेत पुन्हा तपासल्यावर बहुतेक जण त्या वर्गातले ठरलेच नाहीत. ज्यांना मोजले त्यांनी मोजणाऱ्याला जाब विचारला तेव्हाच हे उघडकीला आले.

आमच्या गावात गेल्या हिवाळ्यात एक तरुण मुलगी सर्वेक्षणाला आली होती. गुणी पोर, उन्हातान्हात वणवण करणारी. हातात टॅबलेट. शेजारच्या आजींना तिने विचारले, "नातवाची मातृभाषा कोणती?" आजी म्हणाल्या, "आई त्याची लोंढ्याकडची, कोंकणी बोलतीय. बाप मराठी. आमचं आपलं इकडचं. शाळा मराठी, खेळायला कन्नड." मुलगी म्हणाली, "आजी, एकच सांगा. यात एकच घेतंय." आजींनी जरा विचार केला आणि विचारले, "कुठली घातली तर बरं पडंल?"

या आजींना तत्त्वज्ञान कळत नाही असे कोणी म्हणू नये. त्यांनी एका प्रश्नात सगळी चिकित्सा केली. मातृभाषा हा मुलाच्या अंगातला तिळासारखा गुणधर्म आहे असे त्या यंत्राला वाटत होते. आजींना पक्के ठाऊक होते की ते उत्तर कोणाला तरी द्यायचे असते आणि त्यावर काहीतरी ठरायचे असते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकातल्या माध्यमाच्या प्रकरणात सांगितले की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील. कायद्याच्या दृष्टीने ठीक. पण पालकाला निवडायला सांगताना चौकट एकच ठेवली तर त्याने तीन भाषांतल्या दोन भाषा स्वतःच्या हाताने पुसायच्या, असाच त्याचा अर्थ होतो. मी त्या मुलीला म्हटले, तुझ्या वरिष्ठांना सांग, इथे तीन घरे लागतील, आणि हे सर्वेक्षण कशासाठी ते पहिल्या पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा, आणि निष्कर्ष काढल्यावर याच पडवीत येऊन वाचून दाखवा. तिने ते सगळे वहीत लिहून घेतले. यंत्रात त्यासाठी जागा नव्हती.

माझ्या विद्यार्थ्याला मी वेल्स, ओडिशा सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "पटतंय सर खरं," म्हणाला, "फी भरून झालीय." मुलगी आता पिवळ्या बसने जाते.

त्या आठवड्यात मी माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. लघुप्रबंध मिळाला, काळी बांधणी, सोनेरी अक्षरे, आणि मागच्या खिशातल्या पत्रिकेवर बऱ्याच सह्या. म्हणजे पोरांनी तो वापरला आहे, पुढच्या लघुप्रबंधांत आधार म्हणून दिला आहे. मी ग्रंथपालांना विनंती केली की माझे दोन पानांचे दुरुस्तीपत्र आत चिकटवा. त्यांनी नियम पाहून सांगितले की मान्य झालेल्या प्रबंधात काही जोडण्याची तरतूद नाही. बिचाऱ्यांचाही दोष नव्हता. ते चहा आणायला आत गेले तेवढ्यात मी परिशिष्ट उघडले, उत्तरसूचीतला तो प्रश्न शोधला, आणि 'पण, परंतु' यांच्या पुढे पेन्सिलीने 'खरं' लिहून आलो.